मंगोलियन पाहुणीसाठी मिठाचा दूधचहा

सुनेच्या ऑफिसातली मैत्रीण उलानबातारची. ती पार्ल्याला आमच्याकडे आली आणि माझ्याच ओट्याशी उभं राहून तिने मला सूतेइ त्साय शिकवला. साखर, आलं, वेलची बाजूला ठेवा.

अर्धा लिटर पाण्यात दोन चमचे हिरवा चहा उकळा. तिकडे विटेसारखा दाबलेला चहा फोडून घेतात. आपल्याला सुटी पत्ती चालते. मग अर्धा लिटर दूध आणि अर्धा चमचा मीठ. आता खरं काम. डावाने चहा उचलून उंचावरून परत पातेल्यात सोडायचा, पुन्हा पुन्हा, हात भरून येईपर्यंत. इथे घाई नको, चव इथेच जमते. वर थोडं लोणी.

पहिला चहा माणसांचा नाही. गेरमध्ये, म्हणजे लोकरीच्या नमद्याच्या गोल तंबूत, घरची बाई सकाळी तो आभाळाला आणि धरतीला शिंपडते, नऊ खळगे कोरलेल्या लाकडी पळीने. मला आईचा काढून ठेवलेला नैवेद्य आठवला.

वाटी उजव्या हाताने द्या, डावा हात उजव्या कोपराला लावून. आणि ‘एवढं शिकलीस?’ असं नवल करू नका. तिकडे विद्यापीठांत मुलीच जास्त. कित्येक पशुपालक घरांनी मुलगे गुरांमागे ठेवले, मुलींना शिकवलं. ही इंजिनियर आहे, तरी उन्हाळ्यात गावी गेली की घोडीची धार काढते, दिवसातून पाच-सहा वेळा. आधी शिंगराला पाजायचं, मग आपली चरवी लावायची.