शब्द आवडला नाही म्हणून बदलू नका

नवी कल्पना सुचावी म्हणून शब्दकोश कुठेही उघडायचा आणि समोर येईल तो शब्द आपल्या प्रश्नाला भिडवायचा, ही युक्ती लेखन, डिझाइन किंवा जाहिरातीच्या कामात नव्याने आलेल्या बहुतेकांच्या कानावर गेलेली असते. विचार कसा करावा यावर लिहिणारे एडवर्ड डी बोनो यांनी १९६७ मध्ये ‘लॅटरल थिंकिंग’ची, म्हणजे सरळ तर्काची वाट सोडून आडवाटेने विचार करण्याची कल्पना मांडली, त्या घराण्यातलीच ही. म्हणून ओळख करून देत बसत नाही. फसते कुठे, ते सांगते.

समजा, ऑनलाइन वर्गातले विद्यार्थी अर्ध्यावर गळतात, हा प्रश्न आहे. पहिला शब्द निघतो ‘गंज’. याचा काय संबंध? दुसरा ‘पायपुसणं’. हॅट्! तिसरा ‘पूल’. हा बरा वाटतो आणि आपण कामाला लागतो. इथेच सगळं मुसळ केरात. ‘पूल’ बरा वाटला, कारण शिक्षक-विद्यार्थी जोडायचे हे डोक्यात आधीपासून होतंच. शब्दाने त्यावर फक्त शिक्का मारला. मीही असेच ‘चांगले’ शब्द वेचत राहिले आणि कल्पना इतक्या शिळ्या का, म्हणून कुढत राहिले. हे वाचूनही तुम्ही शब्द बदलणार आहात, म्हणून पुन्हा सांगते: संबंध लगेच दिसला तर तो शब्द तुमच्या जुन्याच वाटेवरचा आहे. ‘याचा काय संबंध’ असं वाटलं की थांबा, तोच घ्या.

शब्द सुचवणाऱ्या ॲप्सवर माझा राग आहे तो यामुळेच. ‘पुढचा शब्द’ हे बटण समोर असलं की बोट तिकडे जातंच. त्यापेक्षा जाड शब्दकोश घ्या, न उघडता ठरवा: पान २१४, सातवा शब्द. नाम नसेल तर खालचं पहिलं नाम. नंतर अपील नाही.

आता ‘गंज’. लगेच उपायावर उडी नको, आधी गंजाबद्दल माहीत आहे ते लिहा. त्याला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. रंगाला चरा पडला की तिथून सुरुवात होते. ॲल्युमिनियमवरही हवेने थर चढतो, पण तो आतल्या धातूला राखतो. मग प्रश्नाकडे वळा. विद्यार्थ्याचा पहिला चरा कोणता? पहिला चुकलेला गृहपाठ. म्हणजे महिनाअखेरीची वाट न बघता त्याच आठवड्यात त्याच्याशी बोलायचं. आणि राखणारा थर? एक गृहपाठ बुडवायची मुभा नियमातच द्यायची, म्हणजे एकदा चुकलं म्हणून कोणी तोंड लपवणार नाही. ‘पूल’ने हे दिलं नसतं.

गोष्टी लिहिणाऱ्यांनी इटालियन बालसाहित्यिक जानी रोदारींची रीत बघावी. १९७३ मध्ये त्यांनी दोन अनोळखी शब्दांची जोडी मांडली: कुत्रा आणि कपाट. कपाटातला कुत्रा, कुत्र्याचं कपाट, कपाट घेऊन चाललेला कुत्रा. विभक्ती बदलली की गोष्ट बदलते. मराठीत तर ही चैनच आहे.

बऱ्याचदा हाती काहीच लागत नाही. घाबरू नका, ते सगळ्यांचं होतं. दहा मिनिटांनी वही मिटा, उद्या दुसरा शब्द. कच्ची यादी मात्र ‘प्रतिभा जन्मजात असते’ म्हणणाऱ्या सीनियरला दाखवू नका. तो ‘गंज’ वाचूनच हसेल. त्याला थेट गृहपाठाच्या मुभेचा प्रस्ताव द्या.