पावसाळा सरताना कुत्र्याला सुटणारी खाज
मराठवाड्यात पावसाळा सरताना बांधावर आणि मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत फुललेले असते; त्याच सुमारास कुत्रा सारखा पंजे चाटू लागला, कान खाजवू लागला, तर ॲलर्जीची शंका घ्यावी. मात्र आधी पिसवा तपासाव्यात. शेपटीच्या बुडाशी केस विंचरून पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवावेत. भोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा असते. फिरून आल्यावर पंजे, बोटांच्या बेचक्यांसह, साध्या पाण्याने धुऊन कोरडे पुसावेत. गोचिडांसाठी रॉकेल कधीही चोळू नये. मुक्या जिवाची कातडी पोळते आणि चाटल्यास विषबाधा होते. त्वचा लाल, ओलसर झाली किंवा कानाला दुर्गंधी आली, तर माणसांची गोळी न देता पशुवैद्यकाकडे न्यावे.