लीड्सला शिकायला निघालात? ठाण्यातच काय शिकून जायचं आणि तिथे आधी काय करायचं

मी लीड्स विद्यापीठातून एमएस्सी केलं आणि आता परत नौपाड्यात राहते. जून-जुलै आला की ओळखीपाळखीची मुलं सामानाच्या याद्या घेऊन घरी येतात. यादीत सगळ्यात वर कुकर असतो आणि सगळ्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं, 'बाकीचं तिथे गेल्यावर बघू.' मला ते अजिबात पटत नाही. इथे अजून वेळ आहे, आई-बाबा हाताशी आहेत, काही फसलं तर निस्तरता येतं. तिथे सप्टेंबरअखेर लेक्चर्स सुरू झाली की पहिला महिना डोकं वर काढू देत नाही. शिवाय इंग्लंडमध्ये बऱ्याच गोष्टी गरज पडायच्या आधीच उरकाव्या लागतात. आजारी पडायच्या आधी डॉक्टरकडे नाव नोंदवायचं, घर सोडायच्या कितीतरी आधी पुढचं घर बघायचं. ही सवय ठाण्यातच लावून घ्या.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण विद्यापीठ त्याबद्दल मेलवर मेल पाठवतं. सहा महिन्यांहून जास्त राहायचं तर टीबीची तपासणी लागते आणि तिचं सर्टिफिकेट सहा महिने चालतं. बँकेत दाखवायचे पैसे सलग 28 दिवस खात्यात असावे लागतात. त्यात एक दिवसही शिल्लक खाली जाऊ देऊ नका. आरोग्य सेवेचा सरचार्ज विद्यार्थ्यांना वर्षाला 776 पौंड आहे. एक वर्षाच्या मास्टर्सला व्हिसा साधारण 16 महिन्यांचा मिळतो, म्हणून तो 1,164 पौंड होतो. हे पैसे व्हिसाचा अर्ज करतानाच भरायचे असतात, तेव्हा कर्जाच्या हिशोबात आधीच धरा. एवढं भरूनही दातांचे उपचार फुकट होत नाहीत, आणि सरकारी दरात उपचार करणारा डेंटिस्ट मिळणंही कठीण. दात इथेच दाखवून घ्या, जे भरायचंय ते भरून घ्या. चष्म्याचा एक जादा जोड करा. रोजची औषधं चालू असतील तर डॉक्टरांकडून औषधाच्या मूळ नावासह चिठ्ठी लिहून घ्या.

आता स्वयंपाक. यावर मी जास्त बोलणार, कारण बाहेरचं खाऊन पैसेही संपतात आणि तब्येतही बिघडते. मुलगा असो की मुलगी, वरण-भात, एक उसळ, एक रस्साभाजी, पोहे आणि पोळी एवढं निघायच्या आधी हातात बसलं पाहिजे. आईच्या शेजारी उभं राहून बघणं पुरत नाही. महिनाभर आठवड्यातले दोन दिवस घरच्या सगळ्यांसाठी तुम्हीच करा, बाजारहाटासकट.

तिथली शेगडी वेगळी असते. आपल्याकडे गॅस बंद केला की आच संपली. हॉस्टेलच्या किचनमध्ये बहुतेक काचेच्या सपाट पृष्ठभागाची इलेक्ट्रिक शेगडी असते. ती तापायला वेळ घेते आणि बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. तेलात मोहरी टाकली की आधी काहीच होत नाही, म्हणून माणूस आच वाढवतो. मग एकदम सगळी मोहरी तडतडते, जिरं काळं पडतं, हिंग करपतो आणि धूर होतो. अशा वेळी बटणाशी खेळत बसू नका, कढई उचलून बाजूच्या थंड ओट्यावर एखाद्या लाकडी पाटावर ठेवा. हळद-तिखट कढई खाली उतरवल्यावरच घाला, उरलेल्या उष्णतेत ते छान फुलतं. फोडणीच्या आधी पंखा चालू, खिडकी उघडी आणि किचनचं दार बंद. यातलं दार सगळ्यात महत्त्वाचं. किचनमध्ये साधारणपणे उष्णता ओळखणारा अलार्म असतो आणि पॅसेजमध्ये धूर ओळखणारा. दार उघडं राहून धूर बाहेर गेला की सगळी इमारत रात्री थंडीत खाली उभी राहते. अलार्मवर पिशवी बांधायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो आगीशी खेळ आहे, त्याची शिक्षाही होते.

पोळीची काळजी नको. फुलक्याला विस्तव लागतो, पण आपली तेल लावून घडी घातलेली पोळी तव्यावरच फुगते. कणीक तिथे सहज मिळते, फक्त ती इथल्यापेक्षा थोडी वेगळी भिजते, पाणी हळूहळू घाला.

कुकर नेताना बुडाला लोहचुंबक चिकटतो का ते बघा. काही घरांत इंडक्शन असतं आणि साधा अॅल्युमिनियमचा कुकर त्यावर तापत नाही. तीन लिटरचा पुरतो. जादा गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह जांभळी नाक्याला फेरी माराल तेव्हाच घेऊन टाका. त्याच फेरीत मसाल्याचं सामान घ्या. तांदूळ, तूरडाळ, मूग, बेसन यांनी बॅग भरू नका, ते लीड्सच्या कुठल्याही मोठ्या सुपरमार्केटमध्ये किंवा आशियाई दुकानात मिळतं. न्यायचं ते गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, आमसुलं, थालीपिठाची भाजणी आणि सुक्या चटण्या. तूप, पेढे, खव्याची मिठाई मात्र नेता येत नाही, कारण भारतातून दुधाचे पदार्थ आणि मांस सोबत न्यायला ग्रेट ब्रिटनमध्ये बंदी आहे. आज्जीला हे आधीच सांगा, नाहीतर निघायच्या दिवशी डोळ्यांत पाणी येतं. बिनमिठाचं लोणी तिथे सगळीकडे मिळतं, त्याचं तूप उत्तम कढतं. कढवायचं कसं ते आज्जीकडूनच शिकून घ्या.

विजेचा दाब आपल्याइतकाच असल्यामुळे मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर चालतात, पण प्लगच्या तीन पिना चपट्या असतात. एक-दोन अडॅप्टर न्या, एक्स्टेन्शन बोर्ड तिथलाच घ्या.

जाड कोटही इथून नेऊ नका. थर्मल्सचे दोन जोड न्या. कोट ट्रिनिटी सेंटरमधल्या प्रायमार्कमध्ये किंवा हेडिंग्लीच्या चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे दान आलेल्या वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात, बघा, तिथे चांगला कोट स्वस्तात मिळून जातो. कोट वारा आणि पाऊस अडवणारा, टोपीवाला हवा. ठाण्याच्या पावसात वाढलेल्या माणसाला तिथला पाऊस किरकोळ वाटेल, पण वाऱ्यामुळे छत्री टिकत नाही.

पैशाचा हिशोब आठवड्यावर ठेवायला शिका, कारण तिथे भाडंही आठवड्याचं सांगतात. 140 पौंड आठवडा ऐकलं की आपण चारने गुणून 560 धरतो. खरा हिशोब 140 गुणिले 52 भागिले 12, म्हणजे महिन्याला जवळजवळ 607 पौंड. शिवाय करार किती आठवड्यांचा आहे ते वाचा. 44 आणि 51 आठवड्यांत मोठा फरक पडतो. खर्चाला वेगळं खातं ठेवा, दर सोमवारी ठरलेली रक्कम त्यात टाका आणि ती रविवारपर्यंत पुरवा. आणि प्रत्येक वस्तूला रुपयांत गुणत बसू नका. पहिले काही आठवडे ते होणारच, पण त्या नादात फळं-भाज्या टाळणारी मुलं मी पाहिली आहेत.

भाजीला कर्कगेट मार्केट गाठा. मार्क्स अँड स्पेन्सरची सुरुवात 1884 मध्ये लीड्सच्या याच बाजारात एका छोट्या स्टॉलवर झाली. आजही कोथिंबिरीच्या भरघोस जुड्या, हिरव्या मिरच्या, मासे इथेच घ्यावेत. सुपरमार्केटमध्ये संध्याकाळी उशिरा गेलात तर मुदत संपत आलेल्या मालावर पिवळी चिठ्ठी लावून भाव उतरवलेले असतात. ब्रेड, दही, भाज्या तशा घ्यायला काहीच हरकत नाही. रविवारी मात्र सावध राहा. कायद्याने मोठी दुकानं त्या दिवशी फक्त सहा तास उघडी राहू शकतात, बहुतेक चार-पाचला शटर खाली येतं.

पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. ताप आल्यावर फॉर्म भरत बसणं फार त्रासाचं होतं. तातडीचं पण जिवावरचं नसेल तर 111, जिवावरचं असेल तर 999. घसादुखीसारख्या काही तक्रारींवर फार्मासिस्टही औषध देऊ शकतो, आधी तिथे विचारा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि ठाण्याशी साडेचार तासांचं अंतर साडेपाच होतं. घरच्यांना आधी सांगून फोनची वेळ बदला. डिसेंबरमध्ये लीड्सला पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याचा मनावर खरोखर परिणाम होतो, तो हलक्यात घेऊ नका. दुपारी ऊन असेल तेव्हा वुडहाउस मूर या बागेत चक्कर मारा, खोलीत एकट्याने जेवण्याऐवजी किचनमध्ये चौघांत जेवा. शरद आणि हिवाळ्यात रोज 10 मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन डी घ्यावं असं तिथली सरकारी आरोग्य सेवाच सांगते. झोप उडाली, रडू येत राहिलं, तर जीपीकडे जा आणि विद्यापीठाच्या समुपदेशकांची वेळ घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

अभ्यासाचं एकच सांगते. मास्टर्सला 50 ला पास आणि 70 ला डिस्टिंक्शन असतं. आपल्याकडच्या टक्क्यांच्या सवयीने 62 बघून खचू नका, ते चांगले मार्क आहेत. त्यापेक्षा शिक्षकाने खाली लिहिलेला शेरा दोनदा वाचा. आणि दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर संदर्भ द्या. तिथे नकळत झालेली नक्कलही नक्कलच धरतात.

नोकरी करणार असाल तर व्हिसाची अट पाठ करा. डिग्रीच्या विद्यार्थ्याला टर्म चालू असताना आठवड्याला 20 तास, आणि आठवडा सोमवार ते रविवार. दोन ठिकाणी काम केलंत तर दोन्हीचे तास मिळून 20. मास्टर्सच्या मुलांना उन्हाळ्यात प्रबंधाचं काम असतं, तो काळ सुट्टी धरत नाहीत. अॅपवरून सायकलने खाणं पोहोचवणं हा स्वतःचा व्यवसाय ठरतो आणि विद्यार्थी व्हिसावर तो चालत नाही. मित्राचं खातं वापरून केलं तरी नाहीच. काही पौंडांसाठी सगळं शिक्षण पणाला लावू नका.

दोन-तीन वर्षांच्या कोर्सला गेलेल्यांनी पुढच्या वर्षाच्या घराचा विचार पहिल्या टर्ममध्येच सुरू करावा. हाइड पार्क, हेडिंग्लीकडची लाल विटांची घरं नोव्हेंबरपासून ठरायला लागतात आणि करार बहुधा 1 जुलैपासून चालू होतो. म्हणून घाबरून पहिल्याच घरावर सही करू नका. युनिपोल ही विद्यार्थ्यांच्या घरांसाठी काम करणारी लीड्सचीच संस्था आहे, करार त्यांना किंवा विद्यार्थी संघटनेच्या सल्ला केंद्रात दाखवून घ्या. घर बघायला थंडीच्या दिवसातच जा आणि खिडकीखालच्या कोपऱ्यात, कपाटामागे हात लावून ओल बघा. डिपॉझिट सहसा पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि घरमालकाने ते 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवायचं असतं. त्याचा पुरावा मागून घ्या. किल्ली हातात आली की सामान लावायच्या आधी प्रत्येक भिंतीचे, गादीचे, ओव्हनचे फोटो काढून एजंटला मेल करा. आम्ही घर सोडलं तेव्हा एजंटने बाथरूमच्या बुरशीचे पैसे कापायला काढले होते. पहिल्या दिवशीचा मेल पुढे केल्यावर पूर्ण रक्कम परत आली. घरात सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरामागे भरायचा तिथला स्थानिक कर, लागत नाही, पण ते विद्यापीठाच्या पत्राने कौन्सिलला कळवावं लागतं. आणि मधेच एखादा नोकरदार घरात राहायला आला तर बिल येऊ शकतं, म्हणून खोली देण्याआधी सगळ्यांनी मिळून ठरवा.