अंदमानात दिवस लवकर मावळतो

जळगाव-धुळ्याकडची मंडळी सुट्टीवर गेली की दुपारी जेवून, एक डुलकी काढून चारला बाहेर पडतात. अंदमानात हे जमत नाही. घड्याळ आपलंच, पण बेटं जळगावच्या साधारण १७ अंश पूर्वेला, त्यामुळे डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारासच बुडतो. हॅवलॉक (आता स्वराज द्वीप) बेटाच्या राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्त बघायचा तर चारला पाय वाळूत हवेत. नील (आता शहीद द्वीप) बेटावरचा खडकाचा नैसर्गिक पूल ओहोटीतच गाठावा; वेळ आदल्या रात्री हॉटेलात विचारून ठेवा. तिथले दगड टोकदार आणि निसरडे, पट्ट्याच्या चपला घाला. बोट लागत असेल तर गोळी बोटीत चढण्याआधीच घ्या. आणि घरून नेलेल्या तिखट शेवेचा डबा बोटीतून उतरल्यावरच उघडा.