एक्सेलची फाइल भलत्याच ओळीवर उघडते? या चुका टाळा

आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशोब मी एक्सेलमध्ये ठेवते. ओळी चार हजारांच्या घरात गेल्या आहेत. रात्री ३८१२ व्या ओळीवर काम थांबवावं आणि सकाळी फाइल उघडली की समोर दोन महिन्यांपूर्वीची पावती! बरेच दिवस मला वाटत होतं, फाइल बिघडली आहे. फाइल ठणठणीत होती, चुकत होती ती माझी बंद करायची पद्धत.

एक्सेल जागा लक्षात ठेवतं, पण फक्त सेव्ह करताना. कोणती शीट उघडी होती, कोणता सेल निवडलेला होता, स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात वर कोणता सेल दिसत होता, हे सगळं फाइलच्या आतच लिहिलं जातं. प्रत्येक शीटची जागा वेगळी. मात्र कर्सर हलवणं किंवा खाली-वर सरकणं याला एक्सेल ‘बदल’ मानत नाही. म्हणून नोंद करून सेव्ह केलं, मग जुनी पावती शोधायला वर गेलात, परत खाली आलात आणि फाइल बंद केली, तर एक्सेल ‘सेव्ह करू का?’ असं विचारतही नाही. पुढच्या वेळी फाइल उघडते ती सेव्ह केलं त्या जागी. उद्या जिथून सुरुवात करायची त्या सेलवर या, कंट्रोल-एस दाबा आणि लगेच बंद करा. सेव्ह हे शेवटचं काम असू द्या.

दुसरी चूक जास्त महागात पडते. मेलमधून आलेली फाइल तिथूनच उघडायची आणि काम करायचं. ती तात्पुरती प्रत असते. पुन्हा मेलमधूनच उघडलीत तर जागा तर सोडाच, केलेल्या नोंदीही दिसणार नाहीत. फाइल आधी आपल्या फोल्डरमध्ये उतरवून घ्या.

सीएसव्ही फाइलकडून (जिच्या नावाच्या शेवटी .csv असतं) तर अपेक्षाच ठेवू नका. तिच्यात नुसती माहिती असते, जागा साठवायची सोयच नाही. आणि एकच फाइल दोघं-तिघं आळीपाळीने वापरत असाल, तर शेवटी ज्याने सेव्ह केली त्याची जागा तुम्हाला मिळेल.

अशा वेळी कंट्रोल-एंडवर, म्हणजे शीटच्या शेवटच्या वापरलेल्या सेलवर नेणाऱ्या शॉर्टकटवर, विसंबू नका. खाली रिकाम्या ओळींना कधी रंग दिला असेल, तर कर्सर थेट तिथे जाऊन बसतो. त्यापेक्षा ‘ए’ कॉलमच्या वर डावीकडे जी नावाची चौकट (नेम बॉक्स) असते, तिचा उपयोग करा. हवा तो सेल निवडून चौकटीत रोमन लिपीत एक शब्द लिहा आणि एंटर मारा. नंतर चौकटीच्या बाणातून ते नाव निवडलं की कर्सर तिथे हजर. फक्त नावाच्या शेवटी आकडा नको: ‘आज’ रोमनमध्ये तीन अक्षरांत लिहून पुढे १ लावलात, तर एक्सेल तो सेलचा पत्ता समजतं आणि तुम्हाला दूरच्या कॉलममध्ये नेऊन सोडतं.

गूगल शीट्समध्ये मात्र सेव्हचा उपाय लागू पडत नाही, कारण तिथे सेव्ह आपोआप होत असतं. तिथे सेलवर राइट क्लिक करून ‘व्ह्यू मोअर सेल अ‍ॅक्शन्स’मधून ‘गेट लिंक टू धिस सेल’ घ्या आणि ती लिंक बुकमार्क करून ठेवा. फाइल नेहमी त्याच लिंकवरून उघडा.