कारखाना बंद, अनुभवपत्र नाही: कॅनडाच्या पीआर (कायमस्वरूपी वास्तव्य) अर्जाला मी काय जोडलं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला आमचा टॉवेल कारखाना बंद पडला आणि माझ्या ६ वर्षांच्या नोकरीचं अनुभवपत्र द्यायला कुणी उरलंच नाही. फोन लागेना, रजिस्टर पत्र परत आलं. फार हताश झालो होतो.

आधी यूएएन (पीएफ खात्याचा क्रमांक) टाकून ईपीएफओची, म्हणजे पीएफ कार्यालयाची, सर्व्हिस हिस्टरी आणि पासबुक काढलं. रुजू झाल्याची, सोडल्याची तारीख तिथेच मिळाली. मग फॉर्म १६ (कंपनीने दिलेला पगार आणि करकपातीचा दाखला), २६एएस (आयकर खात्याकडची करकपातीची नोंद) आणि बँक स्टेटमेंट, पगाराच्या नोंदी महिनावार जुळवून. पण काम नेमकं काय केलं, हे यातून कळत नाही. म्हणून तेव्हाच्या सुपरवायझरसाहेबांचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र घेतलं: पद, कामं, आठवड्याचे तास, पगार. मराठी नियुक्तीपत्राला इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र जोडलं. सगळ्यात वर स्पष्टीकरणाचं पत्र, त्यात अनुभवपत्र का नाही आणि काय प्रयत्न केले ते. परत आलेलं पाकीट फेकू नका. त्याचीच प्रत इथे पुरावा म्हणून लावली. अर्ज मंजूर झाला.