भातात जीन गेला असं वाटलं तेव्हा

मानवतजवळच्या कापूस-सोयाबीनच्या गावातून, परभणीला बीएस्सी ॲग्री करून मी भातावर पीएचडीला गेले तेव्हा आबा म्हणाले, "आपल्याकडं कुठं पिकतंय गं भात?" खरंय, पण जीन घालून बघायला निप्पोनबेअर लई सोयीची जात. ॲग्रोबॅक्टेरियमची, म्हणजे आपला जीन रोपाच्या पेशीत नेऊन सोडणाऱ्या बॅक्टेरियाची पद्धत १९९४ पासून बसलेली, पूर्ण जिनोम, म्हणजे सगळ्या डीएनएचा नकाशा, २००५ पासून हाताशी. त्यामुळं तुम्हीही भातावर पीएचडीला येत असाल तर पीक नवीन म्हणून घाबरू नका. घाबरायचं कशाला ते सांगते.

माझ्या पहिल्या बॅचला हायग्रोमायसिनवर, म्हणजे जीन न गेलेल्या पेशी मारणाऱ्या औषधावर, १४ रोपं जगली, आणि आपला जीन आहे का ते बघणाऱ्या पीसीआर चाचणीत चौदाच्या चौदा पॉझिटिव्ह. जेलवर एका रांगेत बँड, म्हणजे जीन असल्याच्या रेघा, मी फोटो घरी पाठवला, आबांनी तो भावकीच्या ग्रुपवर टाकला. मग कित्येक महिने रोपं जपली, बी धरलं, आणि ते बी नव्या बाटलीतल्या हायग्रोमायसिनवर टाकलं तर दहा दिवसात सगळे कोंब तपकिरी पडून थांबले. शेजारच्या प्लेटमधलं साधं निप्पोनबेअर जसं मेलं, अगदी तसंच.

झालं काय, तर एक चूक दुसरीच्या आड लपली. हायग्रोमायसिनचा जुना स्टॉक सीनियरचा, बाटलीवर तारीख नाही, औषधात दम उरलेला नव्हता, म्हणून जीन न गेलेला कॅलससुद्धा (ज्यातून रोपं उगवतात तो पेशींचा गोळा) आरामात वाढला. बॅक्टेरियाच न लावलेल्या कॅलसची एक प्लेट सोबत ठेवली असती तर तीही वाढलेली दिसली असती आणि तिथंच कळलं असतं. नाही ठेवली, कारण हायग्रोमायसिन महाग आणि सीनियर म्हणाला, "आपल्याकडं नेहमी येतं, कंट्रोल कशाला." आणि पीसीआर? बॅक्टेरिया मारणाऱ्या सेफोटॅक्सिमनं धुतलं तरी थोडे बॅक्टेरिया रोपात दडून राहतात आणि आपला जीन त्यांच्या प्लाझ्मिडवरही, म्हणजे डीएनएच्या छोट्या कड्यावरही, असतोच ना! पीसीआरला डीएनए भाताचा की बॅक्टेरियाचा हे कळत नाही, तो बँड देऊन मोकळा. म्हणून टी-डीएनएच्या (रोपात जाणाऱ्या तुकड्याच्या) बाहेरचा, बॅक्टेरियातच राहणाऱ्या विर जीनचा प्रायमर पीसीआरला सोबत लावा. तो बँड आला की समजा बॅक्टेरिया अजून आत आहे. गस, म्हणजे निळा रंग देणारा खुणेचा जीन, वापरत असाल तर इंट्रॉनवालाच घ्या. इंट्रॉन म्हणजे जीनमधला कापून टाकायचा तुकडा, बॅक्टेरियाला तो कापता येत नाही, म्हणजे निळा रंग आला तर तो रोपाचाच. आणि जीन भाताच्याच डीएनएत बसलाय का ते दाखवणारा सदर्न ब्लॉट कंटाळवाणा आहे म्हणून टाळू नका, कंटाळवाणाच आहे तो.

लाज याची वाटते की आमच्याकडं पेरणीआधी आबा ओल्या गोणपाटात सोयाबीनचे शंभर दाणे गुंडाळून ठेवतात, आणि सत्तरच्या खाली उगवले तर ते बी पेरत नाहीत. लहानपणी ते मोजायचं काम माझंच होतं.

सीनियरचा प्रोटोकॉल झेरॉक्स मारून वापरणाऱ्यांबद्दल माझं मत वाईट आहे, त्यात मीही आले. आणि गाइड निवडताना पेपर किती ते बघू नका, चुकीचा रिझल्ट दाखवल्यावर त्यांचं तोंड कसं होतं ते जुन्या पोरांना विचारा. पामेला रोनाल्ड यांचंच बघा, १९९५ ला कडा करप्याला दाद न देणारा एक्सए२१ जीन शोधणारी बाई. पुढं त्यांच्या लॅबमधल्या नव्या पोरांना जुने प्रयोग परत जमेनात, बघितलं तर बॅक्टेरियाच्या स्ट्रेनची लेबलंच चुकलेली. २०१३ मध्ये त्यांनी स्वतः दोन पेपर मागं घेतले, त्यातला एक सायन्समधला, आणि २०१५ ला एक्सए२१ बॅक्टेरियाचा जो रेणू ओळखतो तो खरा रेणू शोधून परत छापला. तेव्हा तुमची एक बॅच गेली म्हणजे करिअर गेलं असं नाही. रडून घ्या एक दिवस.

आता सगळे क्रिस्परकडं, म्हणजे रोपाचा स्वतःचाच जीन नेमका बदलायच्या तंत्राकडं, पळायलेत, २०२५ च्या मे महिन्यात आपल्याकडं दोन जीनोम-एडिटेड भाताच्या जाती जाहीर झाल्यावर तर जास्तच. पळा, पण बहुतेक ठिकाणी कॅलस तोच, ॲग्रोबॅक्टेरियमही तोच.

दुसऱ्या बॅचला फक्त पाच रोपं आली, विर निगेटिव्ह. एकाचं चाळीस दाणे बी हायग्रोमायसिनवर टाकलं, एकतीस हिरवे, नऊ मेले, म्हणजे जवळजवळ तीनास एक, जीन एकाच जागी बसला की बियात असंच प्रमाण येतं. आबांना फोन केला. ते म्हणाले, "चाळीसात एकतीस? सत्तरच्या वर गेलं की मग, पेर."